आधी घर दाखवा, मग शेगडी

माझा धंदा ऐकला की लोक आधी हसतात. सुरतेत राहून घर गरम करायच्या लाकडावर चालणाऱ्या शेगड्या बनवायचो म्हटल्यावर हसणारच. इथे डिसेंबरातही दुपारी पंखा लागतो आणि स्वेटर घालतात ते केवळ कपाटातून काढले म्हणून. "तापीकाठी बसून पाणी विकायला निघालात की काय?" असं मला आमच्या मराठी मंडळाच्या अध्यक्षांनीच भर सभेत विचारलं होतं. आता तेच म्हणतात, दिवाळी अंकासाठी चार पानं लिहा. लिहितो. पण गोड गोड लिहिणार नाही, कारण या धंद्यात डोक्याला जो ताप झाला तो शेगडीपेक्षा जास्त होता.

मूळ काम पत्र्याचं. धुळ्याकडून सुरतेला आलो तो डाइंग मिलमध्ये बॉयलरची धुराडी जोडायला. मग लिंबायतमध्ये स्वतःची शेड टाकली. हलवायांच्या भट्ट्या, आचाऱ्यांच्या चुली, कोणाच्या आजोळचा तांब्याचा बंब, सगळं केलं. पुढे सुरतेतल्या पैसेवाल्यांना डोंगरातली जुनी घरं घ्यायची हौस आली. डांगात, सापुताऱ्याकडे, कोणाचं इथे, कोणाचं तिथे. पहिल्या थंडीत तिथे दात वाजायला लागले की हे लोक मला शोधत यायचे.

यायचे ते मोबाइल पुढे धरून. "धनराजभाई, बस आवी ज जोईए." बस, अशीच हवी. फोटोत कुठल्या तरी बर्फाळ देशातली काळी लोखंडी शेगडी, पुढे काचेचं दार, आत सोनेरी जाळ, शेजारी झोपलेलं कुत्रं. मी विचारायचो, घर कसं आहे? छप्पर कौलारू की स्लॅबचं? भिंत किती जाड? खोली केवढी? लाकूड कुठलं जाळणार? उत्तर काय, तर "ते सगळं होऊन जाईल, तुम्ही भाव सांगा." चपला घ्यायला जाताना माणूस पाय घेऊन जातो. शेगडी घ्यायला येताना घर का विसरतो, हे मला अजून कळलेलं नाही.

म्हणून मी शेडच्या दारावर पाटीच लावली होती, आधी घर दाखवा, मग शेगडी. गुजरातीत, हिंदीत आणि मराठीत. तिन्ही भाषांतले लोक ती वाचून आत यायचे आणि मोबाइल पुढे धरायचे.

एका गृहस्थाला वेसूच्या टोलेजंग इमारतीत, नवव्या मजल्यावर शेगडी हवी होती. एसी चालू ठेवून पेटवणार होते. धूर कुठे सोडायचा विचारलं, तर म्हणे वरच्या मजल्यावर आपलाच साडू राहतो, तो काही बोलणार नाही. बारडोलीचे एक निवृत्त मास्तर होते, मराठीच, भला माणूस. त्यांनी उसाचं पाचट फुकट मिळतं म्हणून त्यावर चालणारी शेगडी मागितली. पाचट भपकन पेटतं आणि भपकन विझतं, ऊब भिंतीपर्यंत पोचायच्या आत राख होते, हे मी कागदावर चित्र काढून समजावलं. मास्तरांनी चित्रातली शुद्धलेखनाची चूक दाखवली आणि पाचटाचीच शेगडी करून नेली. महिन्याने तिच्यात तुळस लावलेली पाहिली.

जाणत्यांनी हा परिच्छेद सोडून दिला तरी चालेल, पण बाहेरच्यांसाठी सांगतो. जाळ करणं सोपं असतं, अवघड असतो धूर. तापलेला धूर धुराड्यातून वर चढतो आणि चढताना खोलीतली हवा ओढून नेतो. जेवढी हवा बाहेर गेली तेवढी कुठून तरी आत यायलाच हवी. जुन्या घरात ती कौलांच्या फटींतून, दाराच्या खालून, खिडकीच्या वाकलेल्या चौकटीतून येते. लोक त्या फटींना शिव्या देतात, पण शेगडी त्यांच्यावरच जगते. दुसरं म्हणजे खोलीच्या बेताची शेगडी लागते. मोठी शेगडी लहान खोलीत ठेवली की उकडतं. मग माणूस हवेची झडप बंद करून जाळ दाबतो. दाबलेला जाळ जळत नाही, धुमसतो, आणि धुमसणाऱ्या लाकडातून एक वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. डोकं जड होतं, मळमळतं, झोप येते. बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपलेली माणसं सकाळी उठली नाहीत, अशी बातमी दर थंडीत येते, तो हाच वायू.

माझी परीक्षा साधी. उदबत्ती पेटवायची आणि दाराखिडक्यांच्या फटींशी धरायची. धुराची रेघ आत वाकली तर घर श्वास घेतंय. सरळ उभी राहिली तर मी शेगडीला हात लावत नसे.

हे सगळं ज्यांना तीनदा सांगितलं ते मनसुखभाई. कतारगामला त्यांचा हिऱ्यांचा कारखाना. माणूस मनाने चांगला, पण ऐकून घ्यायची सवय नाही. त्यांच्या आईला, बांना, दम्याचा त्रास होता. सुरतेतली थंडीतली हवा, धूळ, गाड्यांचा धूर त्यांना सोसेना. डॉक्टर म्हणाले, दोन-तीन महिने मोकळ्या हवेत ठेवा. मनसुखभाईंनी डांगात आहव्याच्या पुढे एक जुनं घर घेतलं. दगडी जोतं, हातभर जाड भिंती, वर कौलं. हवा उत्तम, पण पहाटेचा गारठा असा की बांची छाती आवळून यायची. म्हणजे ऊब तर हवी, आणि धुराचा कण नको. चूक केली तर भोगणार होती ती एक म्हातारी छाती.

मी घर बघायला गेलो. मनसुखभाई मला दिवाणखान्यात फिरवत होते. इथे सोफा, इथे झुंबर, इथे शेगडी, काचेच्या दाराची, फोटोतली. मी विचारलं, "बा कुठे बसतात?" तर मागच्या बाजूची पूर्वेची लहान खोली. एक खाट, एक कपाट, एक खिडकी. खिडकीतून सकाळचं ऊन थेट खाटेवर. बा तिथेच माळ घेऊन बसल्या होत्या. मला पाहून नुसत्या हसल्या, मी नमस्कार केला आणि टेप काढून भिंती मोजायला लागलो.

"मनसुखभाई, शेगडी या खोलीत. लहान. जाड पत्र्याची, मागे विटांची भिंत, म्हणजे विझल्यावरही ऊब राहील."

"नानी? ए तो पानवाळा जेवी लागशे," ते म्हणाले. लहान शेगडी पानवाल्याची वाटेल! मग पाऊण तास वाद. खोली मागची चालेल, पण शेगडी मोठीच. काच हवीच. लोक काय म्हणतील, हिऱ्याच्या व्यापाऱ्याने आईला डबा दिला? मी आकडे सांगितले, उदाहरणं दिली, हात जोडले. शेवटी ते म्हणाले, "पैसे मैं दे रहा हूँ ना?"

मी तिथेच उठून यायला हवं होतं. त्याऐवजी माझा तोल गेला. घ्या म्हटलं, मोठी तर मोठी! रागाच्या भरात मी त्यांना हवी होती तशी शेगडी बनवली, सुबक बनवली, धुराडं कौलांच्या आढ्याच्या वर काढलं, उदबत्ती लावून पाहिली. घर बऱ्यापैकी श्वास घेत होतं. झडप कधीही पूर्ण बंद करू नका असं सांगून मी परत आलो. मोठ्या शेगडीचा दोष घराच्या फटी सांभाळून घेतील, असा माझा हिशेब होता.

त्यानंतर चार दिवसांनी संध्याकाळी फोन आला. मनसुखभाई खुशीत होते. कामापुरतं सुरतेला आणलेल्या बांना कालच परत तिथे पोचवून आलो म्हणाले, आणि त्याआधी कारखान्यातली माणसं पाठवून एक मोठं काम करून घेतलं.

इथे हिऱ्याच्या कारखान्याविषयी दोन शब्द सांगायला हवेत. तिथे फट हा शत्रू असतो. फरशीचे सांधे बुजवलेले, मोरीवर बारीक जाळी, खिडक्या घट्ट. संध्याकाळी झाडलेली धूळसुद्धा चाळल्याशिवाय बाहेर जात नाही. राईएवढा हिरा कुठल्या फटीत जाईल याचा नेम नसतो. जन्मभर हेच केलेल्या माणसाने आईच्या खोलीसाठीही तेच केलं. कौलांखाली फळ्यांचं छत आणि त्याच्या सांध्यांत लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली, खिडकीच्या चौकटीभोवती सिलिकॉन, दाराच्या खाली रबराची पट्टी.

"धनराजभाई, आता एक कण बाहेर जाणार नाही," ते म्हणाले. "गरमी पूरी अंदर. तुम्हाला सुचलं नव्हतं ना?"

मला काय वाटलं ते खरं सांगतो. धोका कळला, पण त्याच्या आधी राग आला. तुम्हाला सुचलं नव्हतं ना! वीस मिनिटं ज्या फटींचं माहात्म्य सांगितलं, त्याच बुजवून वर मलाच शिकवतोय. मी म्हटलं, "तुमचं घर, तुमची मर्जी." आणि फोन ठेवला.

एवढंच बोललो. खिडकी उघडा, हे दोन शब्द मी बोललो नाही.

जेवताना भाकरी नुसती चिवडत बसलो. बायकोने दोनदा विचारलं, मग सांगितलं. ती भाकरी तव्यावर टाकता टाकता थांबली. "आनि तुमी फोन ठी दिन्हा?" तिच्या अहिराणीत राग असला की आवाज खाली येतो. "चुल्हावर संताप काढा तर धूर आपलाच डोयामा जास. त्या म्हतारीनं काय बिघाडं तुमनं?" चुलीवर राग काढला तर धूर आपल्याच डोळ्यांत जातो, त्या म्हातारीने तुमचं काय बिघडवलं? मी लगेच मनसुखभाईंना फोन लावला, बंद. लावत राहिलो. डांगातल्या त्या घरात तर फोन लागायचा प्रश्नच नव्हता, तिथे रेंजसाठी टेकडीवर जावं लागतं. उजाडताच जुनी व्हॅन काढली. बारडोली, व्यारा, मग घाट. वाटेत उसाच्या गाड्या अशा आडव्या की एकेका गाडीमागे देवाचं नाव घ्यावं. तो सगळा रस्ता मला बांचा चेहरा आठवत नव्हता. एकदाच पाहिला होता, आणि तेव्हा मी भिंती मोजत होतो.

पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर होतं. फाटकातून आत गेलो आणि पूर्वेच्या खिडकीखाली थांबलो. खिडकीची खालची काच फुटली होती. तुकडे बाहेर गवतात पडले होते आणि त्यात एक पितळेचा लोटा आडवा झाला होता.

मी हाक मारली ती कोणाला, मला आठवत नाही. मागच्या ओट्यावरून सोमीबेन आली, घर सांभाळणारी. डांगातली बोली आणि आमची अहिराणी मावसबहिणी, त्यामुळे आमचं जमायचं. "काच फुटनी ना, मी पयतच उनी," ती म्हणाली. "बा जित्या शेत. तठे बठेल शेत." काच फुटल्यावर ती पळतच आली होती; बा जिवंत आहेत, तिकडे बसल्या आहेत.

बा ओट्यावर उन्हात शाल पांघरून बसल्या होत्या. चेहरा राखेच्या रंगाचा, कपाळावर ओल्या फडक्याची पट्टी. सकाळी उलट्या झाल्या होत्या. गावातला डॉक्टर येऊन तपासून गेला होता आणि मोकळ्या हवेतच बसवून ठेवा असं सांगून गेला होता.

झालं ते सोमीबेनने सांगितलं. पहाटे शेगडी फार तापली म्हणून तिनेच झडप दाबली आणि ती गाईकडे गेली. बा माळ ओढत बसल्या. मग डोकं जड झालं. चाळीस वर्षं चुलीपुढे काढलेली बाई, तिला कळलं. दारापर्यंत जायची ताकद उरली नव्हती. खाटेवरून हात पुरत होता तो खिडकीपर्यंत. खिडकी ढकलली, हलेना, सिलिकॉनने चिकटलेली. तेव्हा त्यांनी उशाचा लोटा उचलला आणि काचेवर फेकला.

मी आत गेलो. खिशातली उदबत्ती पेटवून दाराखाली धरली. धूर काठीसारखा सरळ उभा राहिला. फुटलेल्या काचेशी नेली तेव्हा कुठे रेघ आत वाकली. मी पटाशी आणून सगळ्या चौकटीचं सिलिकॉन खरवडून काढलं, दाराची पट्टी उपटली. हात चालत होते म्हणून बरं वाटत होतं.

सोमीबेनच्या नवऱ्याने टेकडीवर जाऊन फोन केला होता, त्यामुळे चारच्या सुमाराला मनसुखभाईंची गाडी आली. त्यांनी आधी आईचे पाय धरले आणि मग मला पाहिलं.

"तुमारी सगडी! मेरी माँ को मार डालती!"

माझ्याकडे उत्तर तयार होतं. फटी कोणी बुजवल्या? मोठी शेगडी कोणी मागितली? मी तोंड उघडणार, तेवढ्यात बांनी हात वर केला.

"दीकरा," त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तने खबर हती?" बेटा, तुला माहीत होतं?

मनसुखभाईंनी मला फोनवर सांगितलं होतं हे त्यांना माहीत नव्हतं. मी नाही म्हटलं असतं तर खपून गेलं असतं. मुलगा तरी कुठे मान्य करणार होता?

"हो बा," मी म्हटलं. "काल संध्याकाळी कळलं. मला राग आला होता म्हणून बोललो नाही."

सोमीबेन आत निघून गेली. बांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग मुलाकडे.

"तुम्ही दोघं माझ्या खोलीत पाऊण तास भांडलात," त्या त्यांच्या काठियावाडी गुजरातीत म्हणाल्या. "मी तिथेच होते. मने कोईए पूछ्युं?" मला कोणी विचारलं?

खरं होतं. खोलीची लांबी विचारली, लाकूड विचारलं, छप्पर विचारलं. माझी तीन भाषांतली पाटी! घर दाखवा म्हणे. घरात बसणाऱ्या बाईला तुला काय हवं, हे विचारायचं माझ्याही डोक्यात आलं नाही. मनसुखभाईंवर मी आजवर जेवढा चिडलो, त्याहून जास्त त्या दिवशी स्वतःवर चिडलो.

मग तिथेच, ओट्यावर, मी जमिनीवर बसून विचारलं आणि बा बोलत गेल्या. काच नको, जाळ बघायची हौस चाळीस वर्षांत फिटली. उंची गुडघ्याएवढी, म्हणजे पाटावर बसून लाकूड सारता येईल. वर सपाट, चहाची तपेली बसेल एवढी. आणि दार असं, की सोमीबेन नसली तरी त्यांच्या सुजलेल्या बोटांनी उघडेल. एवढं सांगायला त्यांना पाच मिनिटं लागली. मी टेप काढली आणि पहिल्यांदा भिंतीऐवजी पाटापासून त्यांच्या हातापर्यंतचं अंतर मोजलं.

आठवड्याने लहान शेगडी बसवली. मनसुखभाई विटा हातात देत होते. पानवाला वगैरे काही बोलले नाहीत. फुटलेल्या काचेच्या जागी मी पत्र्याची सरकती पट्टी बसवली, पण तिला वरून दोन बोटांची फट अशी ठेवली की कोणालाही, हिऱ्याच्या व्यापाऱ्यालासुद्धा, ती बंद करता येऊ नये.

मोठी शेगडी शेवटी दिवाणखान्यातच गेली. धुराडं नाही, काही नाही. काचेच्या दारामागे आता लाल-पिवळ्या दिव्यांची माळ लुकलुकते आणि पाहुणे तिच्यापुढे उभे राहून फोटो काढतात. त्यातल्या एकाने तो फोटो घेऊन माझी शेड गाठली, "बस आवी ज जोईए." मी त्याला काय म्हटलं ते दिवाळी अंकात छापण्यासारखं नाही.

आता शेड बंद केली. पाटी घरी आणून ठेवली आहे, बायको तिच्यावर पापड वाळवते. बा मात्र अजून दर थंडीत तिकडे जातात, आणि मीही एकदा जाऊन धुराड्यातली काजळी काढून येतो. मागच्या खेपेला खाटेच्या उशाशी तोच लोटा दिसला. काचेवर आपटून त्याच्या पोटाला चांगला पोचा पडलाय. माझा हात शिवशिवला. लाकडी हातोडीचे चार ठोके, बस. म्हटलं, "बा, द्या इकडे, आत्ता नीट करून देतो."

"ना," त्या म्हणाल्या. "एम ज रहेवा दे." तसाच राहू दे. "मनसुख आला की त्याला मी यातूनच पाणी देते."

मग त्यांनी माठातून लोटा भरला आणि माझ्यापुढे धरला. मी घेतला. धरताना तो पोचा बरोबर अंगठ्याखाली येतो. मी सगळं पाणी प्यायलो आणि लोटा जिथे होता तिथे, त्यांचा हात पुरेल असा, खिडकीकडे सरकवून ठेवला.